फूल बघते आणि जाते

सासूच्या दारातलं तण चोरून जपणारी सून अख्ख्या आयोवात एकच असेल, आणि ती मेंडर्स घराण्यातच निघावी हे त्या घराण्याच्या लौकिकाला धरून झालं.

रविवारी सकाळी, चर्चची घंटा व्हायच्या आत, हिल्का गाऊनवर नवऱ्याचं जाकीट चढवून झाडीतून आली. सासूच्या निजायच्या खोलीचा पडदा अजून ओढलेला आहे ना, हे तिने बघितलं आणि पुढच्या पायऱ्यांजवळच्या वाफ्यापाशी उकिडवी बसली. सातही रोपं जागेवर होती. कळ्याही जागेवर होत्या. काल संध्याकाळपर्यंत सगळं हिरवं होतं, आज कळ्यांच्या टोकांना केशरी रंग चढला होता.

"उघडा गं बायांनो," ती हळूच म्हणाली. "किती अंत बघाल?"

पायरीला लागून असलेल्या टोकाच्या रोपाची पानं सशाने कुरतडली होती. नेमकं तेच रोप सगळ्यांच्या पुढे होतं, कळ्या अगदी फुटायच्या बेतात. हिल्काने सशाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मागच्या ओसरीवरून सासूची कपड्यांची वेताची टोपली आणली आणि त्या रोपावर पालथी घातली. मग आली तशी झाडीतून पसार झाली.

तण कसलं, तर चिकतण. आपल्या रुईच्या भावकीतलं. पान तोडलं की पांढरा चीक गळतो. त्याचाच एक चुलतभाऊ बुटका, केसाळ, केशरी फुलांचा. त्याला चीक नसतो, आणि फुलपाखरं त्याच्यावर तुटून पडतात म्हणून त्याला फुलपाखरी म्हणतात. रेल्वेच्या कडेच्या रेताड तुकड्यातून ते शेतात शिरायचं. शहरातले लोक हल्ली त्याची रोपं हौसेने बागेत लावतात म्हणे. ह्या मुलखात मात्र चुलत आणि सख्खं असा भेद कुणी केला नव्हता. दिसलं की उपटायचं.

कारण इथे माणसाची अब्रू सोयाबीनच्या ओळींत असते. तणनाशकं यायच्या आधी जून-जुलैत अख्खं घर उजाडता शेतात उतरायचं आणि ओळीओळीने तण उपटत जायचं. पोरंबाळं, बायका, पाहुणा असला तर पाहुणासुद्धा. रविवारी चर्च सुटलं की लोक बैलगाडीच्या चालीने मोटारी हाकत दुसऱ्यांची शेतं बघत घरी जायचे. कुणाच्या सोयाबीनमधून चिकतण डोकावतंय, कुणाचा पोरगा कामचुकार निघाला, सगळं जेवणाआधी गावभर व्हायचं. हिल्काच्या सासऱ्याचं, हार्म मेंडर्सचं शेत ह्या बाबतीत आरसा होतं. तो गेला तेव्हा पाद्रीबुवा त्याच्या देवभक्तीबद्दल थोडं आणि सोयाबीनबद्दल बरंच बोलले, आणि लोकांना ते योग्यच वाटलं.

अशा माणसाच्या बायकोने, तो जाऊन वर्ष होतं न होतं तोच, रस्त्यावरून दिसेल असं, मुद्दाम, पाणी घालून तण लावलं.

त्याचं असं झालं. म्हातारं माणूस एकटं राहिलं की त्याने गावातल्या वृद्धाश्रमात जायचं आणि मोठ्या मुलाने शेतावरच्या घरात यायचं, ही इथली रीत. थोरला आयलर्ट आणि त्याची बायको हिल्का लग्न झाल्यापासून झाडीपलीकडच्या पत्र्याच्या घरात राहत होते. त्या घराला चाकं होती, पण ते कुठे गेलं नव्हतं. ओव्हनचं दार उघडलं की बाहेरचं दार उघडत नसे. सासूच्या स्वयंपाकघरात मात्र दोन खिडक्या होत्या आणि ओट्यावर माणूस आडवा झोपेल एवढी जागा. हिल्काने त्या ओट्याचं स्वप्न इतकी वर्षं बघितलं होतं की नवऱ्याचं तेवढं कधी बघितलं नसेल. हार्मच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला आयलर्टने विषय काढला तेव्हा त्याची आई तालिया चटकन म्हणाली होती, "जाते की. मी कुठे नाही म्हणते? पुढच्या अंगणात फुलपाखरीचं बी टाकलंय. एकदा फूल बघते आणि जाते."

आयलर्टला वाटलं, एका उन्हाळ्याचा प्रश्न. चिकतण कसं मारायचं हे ह्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. ते फुलायला किती वर्षं लागतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता.

पहिल्या वर्षी रोपं बोटभर वाढली आणि थांबली. दुसऱ्या वर्षी मे महिना निम्मा उलटला तरी जमिनीवर काही दिसेना. आयलर्ट कुदळ घेऊन आला, "मेलं ते, आई. आता सामान बांधू." तालिया म्हणाली, "मेलं म्हणजे फुललं नाही. फुललं नाही म्हणजे मी जात नाही." मग महिनाअखेरीला कोंब वर आले. हे रोप उशिरा उठणारं आहे, हेही तेव्हाच कळलं. जुलैत कळ्या धरल्या आणि एका आठवड्यात गायब झाल्या. हिल्काने आधी सशाला दोष दिला. पण सशाचे दात असे नीट नखाने खुडल्यासारखे चालत नाहीत. तेव्हापासून तिला सासूचा संशय होता. पुरावा नव्हता. आणि असता तरी उपयोग नव्हता, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकली होती.

आज तालियाचा ऐंशीवा वाढदिवस. चर्च आटोपून सगळे मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले. पुढचं दार ह्या घरात पाद्री आणि शवपेटी यांच्यासाठीच उघडत असे. फेना शिकागोहून काल रात्री आली होती. ती आयलर्टची धाकटी बहीण, मांस सोडलेली, आणि तरी टेबलावरच्या भाजलेल्या डुकराच्या मांसाकडे अधूनमधून बघणारी. उब्बोकाका, म्हणजे हार्मचा धाकटा भाऊ, अजून यायचा होता. तो गाडी इतकी सावकाश चालवायचा की जेवण नेहमी त्याच्या पुढे पळायचं.

"माझी कपड्यांची टोपली कुणी नेली?" तालियाने बटाटे वाढता वाढता विचारलं.

"असेल कुठेतरी," हिल्का म्हणाली आणि लाल कोबीचा वाडगा पुढे केला.

"कुठेतरी म्हणजे कुठे? टोपलीला पाय नसतात."

"आई, ते राहू दे," आयलर्टने घसा खाकरला. "एक तारखेला खोली मोकळी होतेय. मी हो म्हणून टाकलंय."

"कुणाची खोली?"

"यान्सेनबाईंची."

"आणि त्या कुठे गेल्या?"

आयलर्टने बटाट्याचा घास घेतला. "गेल्या."

"म्हणजे गादी अजून गरम असेल," तालिया म्हणाली. "वाढ गं हिल्का, त्याला अजून एक तुकडा वाढ. आईला घराबाहेर काढायचं म्हणजे ताकद लागते."

"बाहेर कोण काढतंय? तुझाच शब्द होता ना? फूल बघते आणि जाते. मी सकाळी गाडीतून बघितलं. आज-उद्या फुलतंय."

"दादा, तू कमाल करतोस," फेना म्हणाली. "तीन वर्षं ते फूल कधी मरतंय ह्याची वाट बघत होतास, आता फुलायची बघतोयस."

"मला लोकांना तोंड द्यावं लागतं. तुला नाही. चर्चमधून सुटलेली प्रत्येक गाडी आपल्या दारात हळू होते. हार्म मेंडर्सच्या घरासमोर चिकतण! पाद्रीबुवांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आईची तब्येत बरी आहे ना म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"वय झालंय म्हटलं."

"छान. आईला वेड लागलं म्हणून गावभर सांगायचं आणि मग तिचं घर घ्यायचं."

"घर घ्यायचं?" आयलर्टने काटा खाली ठेवला. "मग तू ने तिला शिकागोला. आहे ना तुझ्याकडे जागा?"

फेनाकडे जागा होती, पण त्या जागेत सध्या एक गिटार वाजवणारा गृहस्थ राहत होता आणि त्याच्याबद्दल आईला सांगायचं अजून बाकी होतं. ती म्हणाली, "प्रश्न जागेचा नाही. तत्त्वाचा आहे."

"तुझी तत्त्वं नेहमी दुसऱ्याच्या घरात राहायला येतात," हिल्का म्हणाली.

"वहिनी, तू तर बोलूच नकोस. तुला हे स्वयंपाकघर हवंय, हे कुत्र्यामांजरालाही माहीत आहे. मघाशी आल्यापासून तू तिसऱ्यांदा त्या पडद्यांकडे बघितलंस."

ते खरं होतं. खिडक्यांना कोंबड्यांची चित्रं असलेले पडदे होते. उन्हाने कोंबड्यांचे तुरे पांढरे पडले होते आणि एकाला डोळा नव्हता. हिल्का त्या पडद्यांचा मनापासून द्वेष करत असे.

"हवंय," ती सरळ म्हणाली. "लपवलंय कधी? माझ्या घरात काही भाजायला ठेवलं की आधी पाहुण्याला बाहेर काढावं लागतं. मला हवंय हे स्वयंपाकघर. पण मी कुणाला ढकलत नाही. आईंनीच शब्द दिलाय."

"दिलाय," तालिया म्हणाली. "आणि मी तो पाळणार. आता चहा करा."

चहा ह्या लोकांचा देव आहे, चर्च त्याच्या नंतर. कपात आधी खडीसाखर, तिच्यावर कडक चहा, मग कडेने सोडलेली साय, आणि ढवळायचं नाही. यजमानीण ओतत राहते. पाहुण्याने पुरे झालं की चमचा कपात उभा ठेवायचा. तोवर तोंडाने कितीही नको नको म्हटलं तरी कप भरत राहतो. हिल्काने किटली टेबलावर आणली आणि सायीचं भांडं शोधायला वळली, तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली.

पुढच्या दारावर थाप म्हणजे कोण मेलं, हाच पहिला विचार.

फेनाने जाऊन दार उघडलं. दारात उब्बोकाका उभा होता, रविवारचा कोट, हॅट काढून हातात, गुडघ्यांना माती. मागे रस्त्याच्या कडेला त्याची गाडी तिरकी उभी होती. मागच्या अंगणात वळवायला आताशा त्याला जमत नसे.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, तालिया," तो आत येत म्हणाला. "भेटवस्तू काही आणली नाही. पण तुझं पुढचं अंगण साफ करून आलो. काय ते गबाळ, शोभतं का हार्मच्या दारात? आयलर्ट, तुला लाज वाटायला हवी. आई म्हातारी झाली, तुझे तर हातपाय धड आहेत ना?"

आयलर्टच्या तोंडावर आधी हसू आलं. ते त्याने आवरलं, मग त्याला आईचा शब्द आठवला आणि ते आपोआपच मावळलं.

"काका," हिल्काचा आवाज तिला स्वतःलाही ओळखू आला नाही. "सगळी उपटलीत?"

"दिसली तेवढी सगळी. पायरीवर ठेवलीत. फक्त एक चमत्कारिक, हाताला चीकच लागला नाही. तेव्हा मनात आलं की काहीतरी चुकतंय. पण हात एकदा सुटले की सुटले. साठ वर्षांची सवय. मला माझी बायको ओळखायला चष्मा लागायचा, चिकतण ओळखायला लागत नाही."

पायरीवर रोपांची जुडी होती. ओळीच्या टोकाला ठेवतात तशी, मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला, नीट रचलेली. कळ्या केशरी टोकांच्या, माना टाकलेल्या. सवयीने त्याने मुळांची माती झटकलेली होती. मुळं म्हणजे तरी काय, वरची वितभर. बाकीचं तुटून खाली राहिलं होतं.

हिल्काने जुडी उचलून आत आणली, टेबलावर मांसाच्या शेजारी आपटली आणि मग तिचा बांध फुटला.

"तीन वर्षं! तीन वर्षं पहाटे उठून ह्यांना पाणी घातलं मी. चोरासारखी, नवऱ्याचं जाकीट घालून. मेमध्ये कुदळीपुढे उभी राहिले. सशांवर दगड मारले. आयुष्यात पहिल्यांदा ही अवदसा वाढवली, माझे वडील बघत असतील तर वरून थुंकत असतील. आणि तुम्ही येता आणि टोपी काढून सांगता, साफ केलं म्हणून!"

उब्बोकाका खुर्चीवर बसला. "म्हणजे ते मुद्दाम लावलेलं होतं?"

"हो काका," फेना म्हणाली.

"कशाला?"

तालिया सुनेकडे बघत होती.

"तू पाणी घालत होतीस?" तिने विचारलं. "मला वाटायचं दव पडतंय जास्त."

"मी घालत होते. आणि तुम्ही कळ्या खुडत होतात."

"काहीही काय बोलतेस," आयलर्ट म्हणाला.

"विचार तुझ्या आईला."

तालियाने जुडीतलं एक रोप ओढून घेतलं आणि त्याच्या पानांवरून अंगठा फिरवला. "मागच्या वर्षी खुडल्या," ती म्हणाली. "दोनदा. ससे आले नसते तर तिसऱ्यांदाही खुडल्या असत्या."

फेना हसायला लागली. आयलर्टला हसू येईना. "म्हणजे शब्दाला काही अर्थच नव्हता. मी तिकडे लोकांना सांगतोय येते येते, आणि तू इकडे कळ्या खुडतेयस."

"मागच्या वर्षी नव्हता अर्थ. यंदा होता. यंदा एका कळीला हात लावला नाही मी. विचार तिला, तिने मोजल्या असतील."

हिल्काने मोजल्या होत्या.

"यंदा काय वेगळं झालं?" आयलर्टने विचारलं.

"ऐंशी झाले," तालिया म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात हे उपटलं. तुझ्या बापाचं शेत आरसा होतं म्हणून पाद्री बोलला ना? तुझा बाप ओळीच्या टोकाला उभा राहून शेजाऱ्याशी गप्पा मारायचा. ओळीत मी होते. पोटात तू होतास तेव्हाही होते. उब्बो, खोटं बोलतेय का मी?"

उब्बोकाकाने हॅट गुडघ्यावर फिरवली. "हार्म गप्पा चांगल्या मारायचा," तो म्हणाला.

"हजारांनी उपटली असतील. आणि एकसुद्धा फुललेलं जवळून बघितलं नाही. फुलायच्या आधीच उपटायचं, नाहीतर बी पडतं. एकदा रेल्वेच्या कडेला केशरी काहीतरी दिसलं, धावत्या गाडीतून. हार्मला म्हटलं थांब, तर म्हणाला, तणाला काय बघायचं. मला एवढंच बघायचं होतं की नाही उपटलं तर ते करतं काय." तिने रोप खाली ठेवलं. "मग कुठल्याही गरम गादीवर झोपले असते."

किटलीतला चहा काळा होत चालला होता. उब्बोकाकाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि त्याने ते हॅटने पुसलं.

"परत लावतो मी," तो म्हणाला. "आत्ता लावतो."

"लागत नाहीत ती," तालिया म्हणाली. "बस तू. मेलेली नाहीत. मूळ खाली आहे, तुझ्या दंडाएवढं होतं ते. मी इतक्या वर्षांत एक मेलेलं बघितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात येतील."

"पुढच्या उन्हाळ्यात?" आयलर्ट म्हणाला.

"शब्द म्हणजे शब्द, दादा," फेना म्हणाली. "फूल बघते आणि जाते. फूल कुठे बघितलं?"

"हे बरं आहे. उपटली उब्बोकाकाने आणि भोगायचं मी."

"मी भोगतेय," हिल्का म्हणाली. "तू ट्रॅक्टरवर असतोस दिवसभर." आणि ती पुढच्या दाराने बाहेर निघून गेली. त्या दाराने बाहेर पडलेली मेंडर्स घराण्यातली ती पहिली जिवंत बाई असेल.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. वाफ्यात सहा खड्डे आणि उब्बोकाकाच्या गुडघ्यांचे ठसे होते. हिल्काला रडायचं होतं, पण रस्त्यावरून चर्चची एक गाडी हळूहळू चालली होती आणि तिच्यातली बाई मान वळवून बघत होती. हिल्काने तिला हात केला. गाडी पुढे गेली. मागे दार वाजलं आणि तालिया कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आली.

"आत चल. चहा कडू होतोय."

"होऊ दे."

"माझ्यावर रागावली आहेस?"

"तुमच्यावर, काकांवर, सशांवर. माझी मोठी यादी आहे."

तालिया शेवटच्या पायरीवर थांबली. "ही माझी टोपली," ती म्हणाली. "इथे काय करतेय?"

हिल्का वळली. सशांच्या, पडद्यांच्या, भांडणाच्या नादात ती टोपली साफ विसरली होती. उब्बोकाकाला टोपली म्हणजे टोपली. तो तिच्या बाजूने गेला असणार. तिने खाली बसून दोन्ही हातांनी ती उचलली.

फूल उमललं होतं. एक नाही, अख्खा झुबका. असा केशरी रंग ह्या अंगणात कधी आला नव्हता. वेताच्या फटींतून आत शिरलेली एक मधमाशी बाहेर पडली आणि पुन्हा त्याच्यावरच जाऊन बसली.

तालिया पायरीवर बसली. ऐंशीव्या वर्षी बसायचं म्हणजे आधी कठडा, मग गुडघा, मग देवाचं नाव. ती वाकली, नाक जवळ नेलं, बोटाने एक बारीकशी पाकळी खाली केली आणि सोडली. हिल्काने सासूला हार्मच्या मातीला रडताना बघितलं नव्हतं. आता बघितलं. तिलाही भरून आलं, आणि त्याचा तिला रागही आला.

"मी तुझ्यावर बावीस वर्षं खार खाल्ली," तालिया म्हणाली. "आणि तू ह्याला पाणी घालत होतीस."

"घरासाठी घालत होते. गैरसमज नको."

"असू दे. पाणी ते पाणी." तिने डोळे पुसले आणि पाठ ताठ केली. "चल. बघितलं मी. आयलर्टला सांग, यान्सेनबाईंची खोली घेतली म्हणून."

हिल्का फुलाकडे बघत राहिली. तीही आयुष्यभर उपटत आली होती. हे असं दिसतं हे तिलाही आत्ताच कळलं होतं. मग तिच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघर आलं, दोन खिडक्या, तो ओटा. आणि त्या ओट्यापाशी ही म्हातारी नाही, टोपली कुठे गेली म्हणून विचारणारं कुणी नाही. तिने टोपली उचलली आणि पुन्हा रोपावर पालथी घातली.

"काय बघितलंत?" ती म्हणाली. "मला तर काही दिसत नाही."

तालियाने तिच्याकडे बघितलं. ह्या घरात इतकी वर्षं दोघींनी एकमेकींकडे बघितलं होतं, पण ते बहुतेक पाठमोरं.

"फुकट नाही हं," हिल्का म्हणाली. "एक वर्ष. पण ते पडदे काढायचे."

"पडदे नाही."

"मग सांगते आयलर्टला."

"ते मी हाताने शिवलेत."

"दिसतंय ते. एका कोंबड्याला डोळा नाही."

तालिया कठडा धरून उठली. दोन पायऱ्या चढून थांबली. "कोणत्या रंगाचे लावणार?"

"अजून ठरवलं नाही. केशरी, बहुतेक."

आत फेनाने नवीन चहा केला होता, फिका, शिकागोसारखा. उब्बोकाका मांस खात होता. दुःखाने त्याची भूक कधी मेली नव्हती. आयलर्टने बायकोकडे बघितलं. "एखादं राहिलंय का गं? काका म्हणतो दिसली तेवढी. एखादं राहिलं असेल तर…"

तालिया खुर्चीत बसली आणि सुनेकडे बघत राहिली.

"सहा खड्डे आहेत," हिल्का म्हणाली. "आणि एक सशाने खाल्लं." आणि फेनाचा चहा मोरीत ओतून तिने नव्याने पाणी ठेवलं.

आयलर्टने मोठा सुस्कारा टाकला आणि वृद्धाश्रमात काय सांगायचं ते पुटपुटत बसला. फेनाने उब्बोकाकाच्या ताटातला मांसाचा एक तुकडा कुणाचं लक्ष नाहीसं बघून उचलला. चहा झाला, पहिला कप, दुसरा, तिसरा. तिसऱ्यानंतर रीतीने चमचा कपात जातो. हिल्का किटली हातात घेऊन सासूच्या खुर्चीमागे उभी राहिली. तालियाने चमचा उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि बशीत ठेवला.

हिल्का ओतायला वाकली तेव्हा तालिया तिला ऐकू जाईल एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी मी नाही हं कळ्या खुडणार. शपथ."

"तुम्ही कशाला," हिल्का म्हणाली. "मी खुडते."